दळणातला हत्ती

"हे बदक आहे," धाकट्या बाई म्हणाल्या.

काकूंनी ती वस्तू आधी चष्म्याच्या वरून पाहिली, मग चष्म्यातून पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली. "असेल बाई. तू म्हणतेस म्हणजे असेलच."

खिडकीजवळच्या खुर्चीत काकूंचे यजमान, मिस्त्री, पेपर वाचत बसले होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. बाई दारात दिसल्यापासून त्यांनी पान उलटलं नव्हतं. ज्या खेळण्यांच्या कारखान्यात साचे घडवण्यात त्यांची उमर गेली, त्याच कारखान्याच्या या मालकीणबाई. मोठे मालक वारले तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने मिस्त्रींचे झाडून सगळे साचे भंगारात वजनावर घातले. "आता साचे कॉम्प्युटर कापतो," एवढंच त्याने सांगितलं. त्या दिवशी मिस्त्री घरी आले ते पुन्हा त्या फाटकातून आत गेले नाहीत. थोरला पुढे दुसऱ्याच धंद्यात शिरला आणि कारखाना धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडला. तिच्यावर मिस्त्रींचा राग नव्हता. पण राग नसला तरी बोलायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न होताच.

"शेपटीखालची खूण बघू," ते पेपराआडून म्हणाले.

काकूंनी बदक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. छोटासा त्रिकोण लागला.

"माझंच आहे. हा साचा कसा काय वाचला?"

"जुन्या वर्कशॉपात एका टेबलाचा पाय आखूड होता," बाई जरा ओशाळून म्हणाल्या. "त्याच्याखाली लावून ठेवला होता कुणीतरी."

"चला, कुठेतरी उपयोगी पडला," मिस्त्री म्हणाले आणि पेपर खाली आला.

मग बाईंनी सगळं सांगितलं. वर्षभर त्या घराघरांतून, शाळांमधून मोडकी प्लॅस्टिकची खेळणी गोळा करत होत्या. कारखान्यात बायका ती निवडायच्या, सुटी करायच्या, धुवायच्या, दळायच्या, आणि त्या दाण्यांतून नवी खेळणी काढायची असा बेत होता. नवा माल आणायचाच नाही. जे घराघरांत पडून आहे तेच फिरत ठेवायचं. सगळं जमलं होतं. नेमका रंग बिघडला. लाल ट्रक, पिवळी फावडी, बाहुल्यांच्या हिरव्या खुर्च्या एकत्र वितळल्या की हाच रंग येत होता. खूप रंग कालवल्यावर ब्रश धुतलेल्या पाण्याला येतो तो.

"चौकातल्या दुकानदाराने विचारलं, ही बदकं गटारातून धरून आणलीत का," बाई म्हणाल्या. "खोकी जशीच्या तशी परत पाठवली."

"रंगवून टाका वरून," मिस्त्री म्हणाले.

"रंगवलं तर परत दळता येत नाही, काका. रंग त्यात मिसळतो, माल नासतो. मला असं खेळणं हवंय की ते मोडलं तरी परत आमच्याकडे येईल आणि सरळ गिरणीत जाईल. एकाच जातीचं प्लॅस्टिक. स्क्रू नको, चिकटवलेले डोळे नकोत, लोखंडी दांडी नको, रंग नको."

"मग उरलं काय?"

"तुम्ही उरलात," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी बदक टेबलावर ठेवून दिलं. काकू मात्र अजून बदकाकडेच बघत होत्या.

"एवढं राखाडी, एवढं जाडजूड, वर रुसल्यासारखं तोंड," त्या म्हणाल्या. "बदक कुठलं हे. हत्तीचं पिल्लू आहे. उगाच बिचाऱ्याला चोच लावलीत."

बाईंनी बदक उचललं, उलटं धरलं, आडवं धरलं. मिस्त्रींनी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि चोचीवर बोट धरून चोच झाकली.

"अगं, माझी कानस कुठे आहे?" ते म्हणाले.

"माळ्यावर. तुम्हीच फेकलीत वर, आता हिचं तोंड बघणार नाही म्हणून."

"मग उतरव की."

"मी नाही शिडीवर चढणार. तोंड तुम्ही बघणार नव्हता, मी नव्हे."

शेवटी बाई शिडीवर चढल्या.

*

कारखान्यात पाऊल टाकताना मिस्त्रींनी चेहरा मुद्दाम कोरा ठेवला होता, पण आतल्या गलक्याने तो टिकू दिला नाही. जिथे पूर्वी नव्या मालाच्या गोण्या रचलेल्या असत तिथे आता खेळण्यांचा डोंगर होता, आणि त्याभोवती बायका स्क्रूड्रायव्हर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईला 'भोंगा' म्हणत, कारण ती हळू बोलली तरी फाटकावरच्या रखवालदाराला ऐकू जाई. नाव तिचं तिलाही आवडत असावं. कुणी हाक मारली की "भोंगा वाजला" असं म्हणूनच ती उत्तर देई.

"मिस्त्री आले," ती म्हणाली, आणि ते रखवालदारालाही कळलं.

तिने मिस्त्रींना सगळं हिंडून दाखवलं. हा ढीग कडक प्लॅस्टिकचा, हा मऊ. रबरासारखं लिबलिबीत किंवा उग्र वासाचं काहीही आलं की ते बाजूला, गिरणीत नाही. सेलवर चालणाऱ्या खेळण्यांचे सेल आधी काढायचे. एकदा ते काढायचे राहिले आणि एक बाहुली गोणीच्या तळाशी दिवसभर हसत राहिली. कुठली ते सापडेना. जेवायच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून गोणी उपसली तेव्हा कुठे तिचं हसू थांबलं.

"आम्हाला वाटलं साहेबीणबाईच हसतायत, बदकं परत आली म्हणून," भोंगा म्हणाली.

"मी रडत होते," बाई म्हणाल्या.

"तेही ऐकू येत होतं."

बायका हसल्या, बाईही हसल्या, पण नंतर ऑफिसात चहा घेताना त्यांनी मिस्त्रींना खरं ते सांगितलं. गोदामासाठी जागा मागणारा एक माणूस रोज फोन करत होता. हा माल खपला नाही तर त्याला होकार द्यावा लागणार होता. गोदामाला एक रखवालदार पुरतो. निवडणाऱ्या बायका लागत नाहीत.

"त्यांना माहितेय?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी सांगितलं नाही. पण भोंगाला माहितेय. म्हणजे सगळ्यांना माहीत असणार."

*

मिस्त्रींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाकडाचा हत्ती कोरायला घेतला. काकू भाजी चिरायला पलीकडच्या बाजूला बसत. कधीकधी भाजीत भुसा जाई आणि भुशात भाजी. दोघांनीही त्याची तक्रार केली नाही. घर बऱ्याच दिवसांनी असं भरल्यासारखं वाटत होतं.

लाकडी हत्ती देखणा झाला. सोंड पुढे काढलेली, कान पसरलेले. तो बाईंनी स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवला, आणि यंत्राने त्याबरहुकूम ॲल्युमिनियमचा कच्चा साचा कापून दिला. मिस्त्री यंत्रासमोर हाताची घडी घालून उभे होते. त्यांना यंत्राची चूक काढायची होती. ती सापडली नाही. उलट कानामागची घडी आपल्याला एवढी साफ कधी जमली नसती, हे त्यांना मान्य करावं लागलं. ते त्यांनी मनातल्या मनात केलं.

पहिला माल काढायच्या दिवशी सगळ्या बायका काम सोडून यंत्राभोवती जमल्या. वितळलेल्या प्लॅस्टिकची मऊ नळी वरून खाली उतरली, साच्याच्या दोन फाकांनी तिला मिठी मारली, आत हवा फुंकली गेली, आणि फाका उघडल्यावर पहिला हत्ती टपकन खाली पडला.

त्याला सोंड नव्हती.

दुसऱ्यालाही नव्हती. पुढे काढलेल्या त्या लांब, बारीक भागापर्यंत प्लॅस्टिक पोचतच नव्हतं. चार पाय, मोठे कान आणि सोंडेच्या जागी चपटं नाक.

"डुक्कर झालंय," भोंगा म्हणाली. तिने आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला होता. "पण गोड आहे हो डुक्कर."

मिस्त्रींनी ते डुक्कर हातात घेतलं. त्या संध्याकाळी घरी येऊन ते जेवले नाहीत, म्हणजे थोडंच जेवले. काकू समोर बसल्या होत्या.

"सोंड आखूड करा," त्या म्हणाल्या.

"आखूड सोंड म्हणजे डुक्करच."

"मग जाड करा."

"जाड केली तर पाय वाटेल पाचवा."

काकू विचारात पडल्या. विचारात पडल्या की त्या हनुवटी छातीला टेकवून तर्जनी गालावर ठेवत, अगदी लग्न झाल्यापासूनची सवय. मिस्त्री बघत राहिले.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"काय झालं?"

"हात तसाच ठेव."

सोंड पुढे कशाला काढायची? ती खाली वळवून छातीला टेकवायची, आणि टोक पुन्हा वर गालाशी आणायचं. अंगाला लागूनच राहील, मग प्लॅस्टिक पोचेल. शिवाय हत्ती काहीतरी विचार करतोय असं वाटेल.

"म्हणजे तो हत्ती माझ्यासारखा दिसणार," काकू म्हणाल्या.

"थोडासा."

"आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगताय."

"बाकी कुणाला सांगणार नाही," मिस्त्री म्हणाले, आणि मग पोटभर जेवले.

दुसरा साचा निघाला तेव्हा सोंड आली. पण डोळे रागीट आले. रंग लावायचा नाही म्हटल्यावर डोळा म्हणजे नुसती एक खळगी, आणि त्या खळगीच्या कडा सरळ राहिल्या तर हत्ती कुणावर तरी खेकसतोय असं वाटे. इथे कॉम्प्युटरने हात टेकले. तो हवा तितका खोल, हवा तितका गोल डोळा करून देत होता, पण कितीही फिरवला तरी हत्तीचा राग जाईना. मिस्त्री साचा घेऊन खिडकीशी बसले. त्यांना हल्ली जवळचं अंधुक दिसे, म्हणून ते काम बोटानेच चाललं. कानस दोनदा फिरवायची, बोट लावून बघायचं, पुन्हा थोडी. बाई शेजारी बसून मेणावर ठसा काढून त्यांना दाखवत होत्या.

"अजून चिडलेला आहे," त्या म्हणायच्या. किंवा, "आता रडवेला झाला."

"आणि आता?"

बाईंनी ठसा उजेडात धरला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"आता कुणीतरी हाक मारलीय आणि तो वळून बघतोय," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी कानस खाली ठेवली.

*

चौकातल्या दुकानदाराने खोकं उघडलं आणि एकामागून एक हत्ती काउंटरवर मांडले. बाई आणि मिस्त्री समोर उभे होते. काकूही आल्या होत्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं.

"एकही दुसऱ्यासारखा नाही," दुकानदार म्हणाला.

ते खरं होतं. दळणात त्या दिवशी काय जास्त पडलं त्यावर झाक ठरे. कुणी निळसर, कुणी मातकट, कुणी ढगासारखा. एकाच्या पाठीवर तर लाल ठिपका राहून गेला होता. कुठल्यातरी ट्रकचा कण न वितळता तसाच आला होता.

"एकसारखा माल द्या बाई. गिऱ्हाईक म्हणतं, याला डाग आहे, किंमत कमी करा."

बाई काही सांगणार तेवढ्यात एका आईचा हात सोडून एक लहानगी काउंटरपाशी आली. तिची नजर जेमतेम कडेच्या वर पोचत होती. तिने सगळे हत्ती पाहिले आणि लाल ठिपकेवाला उचलला.

"याला लागलंय," ती म्हणाली.

"तो नको, बाळा. हा चांगला घे," दुकानदाराने दुसरा पुढे केला.

"नको. याला लागलंय." तिने हत्ती पोटाशी धरला आणि ठिपक्यावर फुंकर घातली.

आईने घासाघीस न करता पैसे दिले, कारण आता तो हत्ती सोडवून घेणं कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. त्या गेल्यावर दुकानदार थोडा वेळ दरवाज्याकडे बघत होता. मग त्याने उरलेले हत्ती खोक्यात न भरता मागच्या फळीवर चढवले.

"ठिपकेवाले अजून आहेत का?" त्याने विचारलं.

"ठरवून करता येत नाहीत," बाई म्हणाल्या.

"बघा, जमलं तर," तो म्हणाला. मग काकूंकडे वळला. "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

काकूंनी गालावरचं बोट पटकन खाली घेतलं.

त्यानंतर गोष्टी आपोआप सुधारल्या असं नाही. काही दुकानांनी माल ठेवलाच नाही. एका शाळेने मात्र पुष्कळ हत्ती मागवले आणि शाळेतली मोडकी खेळणी गोण्या भरून पाठवली. दुसऱ्या शाळांनी ते पाहिलं. मोडलेला हत्ती परत आणा आणि दुसरा कमी किमतीत न्या, असं बाईंनी जाहीर केलं, तेव्हा भोंगा म्हणाली की आता पोरं मुद्दाम मोडतील. तसं झालं नाही. पोरं मोडलेलेच ठेवून घेत होती. गोदामवाल्याचा फोन एक दिवस भोंगाने घेतला. ती त्याला काय म्हणाली ते कुणी विचारलं नाही, पण तो पुन्हा आला नाही.

पहिला मोडका हत्ती परत आला तो कुत्र्याने चावलेला. एक कान गेला होता, पाठ चिरली होती. भोंगाने तो निवडायच्या टेबलावर ठेवला आणि मिस्त्रींना बोलावलं. ते आता आठवड्यातून काही दिवस येत, बाईंबरोबर पुढच्या साच्यांचं बघायला. बायकांना वाटलं, ते हा घरी नेतील. पहिलाच होता.

मिस्त्रींनी हत्ती हातात घेऊन डोळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं. उमर गेली होती त्यांची, वस्तू टिकली पाहिजे म्हणून धातू घासण्यात. मोडलेली वस्तू परत येते आणि ती परत यावी म्हणूनच केलेली असते, हे त्यांच्या हातांना अजून ओळखीचं झालं नव्हतं.

"मी टाकू का?" भोंगाने विचारलं. हे तिने खरोखरच हळू विचारलं.

"नाही. मीच टाकतो."

त्यांनी तो गिरणीत टाकला. आवाज व्हायचा तो झाला. खालच्या पेटीत राखाडी चुरा पडला, आधीच्या चुऱ्यात मिसळला, आणि तो कुठला हे सांगता येईना. मिस्त्रींनी मूठभर चुरा उचलून बोटांतून खाली सोडला, हात झटकले आणि चहा झाला का म्हणून विचारलं.

*

डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी बरीच गर्दी होती. मोतीबिंदू पिकलाय का ते बघायचं होतं. नर्सने मिस्त्रींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं होतं, आणि आता त्यांना समोर नुसता उजेड आणि त्यात हलणारी माणसं दिसत होती. काकूंनी त्यांचं मनगट धरलं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "समोर एक पोरगी आहे, आजोबांबरोबर आलीय. तिच्याकडे आपला हत्ती आहे."

"कुठला?"

"निळसर. तळपाय पार घासलेत त्याचे."

"काय करतेय?"

"कान चावतेय त्याचा."

"चावू दे. माल तपासलेला आहे," मिस्त्री म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "आता?"

"आता बाकावरून चालवतेय. आजोबांच्या मांडीवर चढवला. आता टकलावर."

"ते काय म्हणतायत?"

"झोपलेत ते."

समोरून टक् असा पोकळ आवाज आला.

"पडला वाटतं," काकू म्हणाल्या.

"पायांवर पडला," मिस्त्री म्हणाले.

काकूंनी वाकून बाकाखाली पाहिलं. हत्ती फरशीवर चारी पायांवर उभा होता, मान वळवून.

"सांगू का मी त्या पोरीला? यांनी केलाय म्हणून?"

"नको."

"का हो? काय बिघडतं?"

"खेळतेय ना ती," मिस्त्री म्हणाले.

आतून नर्सने कुणाचा तरी नंबर पुकारला. तो त्यांचा नव्हता. पोरगी बाकावरून उतरली, हत्ती उचलून पुन्हा वर चढली, आणि या वेळी तिने तो मुद्दाम सोडला. मिस्त्री पाठ टेकून, डोळे मिटून बसले होते. आवाज झाला तशी त्यांनी मान किंचित हलवली आणि ती पुन्हा उचलायला कधी उतरते याची वाट पाहत राहिले.